पुराव्यानिशी

ज्या माणसाकडे पहिल्या गॅस सिलिंडरची पावती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली सापडते, त्याच्याशी वाद घालू नये. आमच्या गल्लीत हा नियम सगळे पाळतात, म्हणून ऑपरेटर काकांशी कोणी वाद घालत नाही. ते बोलायला लागले की समोरचा आधी हो म्हणतो आणि मग विषय काय आहे ते विचारतो.

काकांची नोकरी वीज मंडळाच्या उपकेंद्रात गेली. मंडळाचं २००५ साली विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण काका आजही ‘मंडळ’च म्हणतात. ३३ केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटरचं काम म्हणजे दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं आणि लॉगबुकात आकडे लिहायचे. व्होल्टेज किती, कुठल्या फीडरवर किती अँपिअर, फीडर कधी ट्रिप झाला, कधी चार्ज केला. मध्यरात्री शेतकरी काठ्या घेऊन यायचे, “लाईट कावून घालवली?” म्हणून. काका लॉगबुक पुढं सरकवायचे. “तेवीस दहाला ट्रिप, तेवीस चाळीसला चार्ज. नंतर तुमच्या डीपीवर आकडे टाकून कोणी फ्यूज उडवला, ते तुम्ही सांगा.” काठ्या परत जायच्या. तेव्हापासून काकांचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसला: जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही.

हा स्वभाव काकांचा एकट्याचा नाही. आमच्या भागात ही जात फार, आणि त्याला सरकारचा हातभार आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. बांधावर उभं राहून मोबाईलनं फोटो काढून टाकल्याशिवाय वावरातल्या सोयाबीनला सोयाबीन म्हणत नाहीत. पीकविम्यात तर पाण्यात गेलेल्या पिकाची खबर बहात्तर तासांत द्यावी लागायची, म्हणजे घरातही पाणी शिरलेलं असलं तरी आधी फोटो. एवढं झाल्यावर माणसं पुराव्यानिशी बोलायला लागली तर नवल नाही. काका फक्त दोन पावलं पुढं आहेत.

तर अशा या काकांनी निवृत्तीनंतर शाळेची पोरं ने-आण करणारी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. तिचं फिरतं घर करायचं आणि काकूंना घेऊन देवदर्शन करत हिंडायचं, असा बेत. राज्य सरकारनं २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं होतं, त्याची प्रत काकांच्या फाईलीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, हे काकांना गाडी घेण्याआधीच ठाऊक होतं. त्यामुळं एक सीट काढायची तरी नांदेडच्या आरटीओला अर्ज, त्याची पोच, पोचेची झेरॉक्स. आत एक दिवाण, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलरचं पॅनल आणि दिवाणाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियमची बॅटरी. एवढं सगळं वर्षभरात झालं. गाडी निघणार, असं काकूंना वाटलं. त्यांनी शेव-चिवडा करून ठेवला.

तेवढ्यात काकांना डॅशकॅम आठवला.

“गाडी रस्त्यावर निघाली की काहीही होऊ शकतं,” काका म्हणाले. “आणि काही झालं तर दाखवणार काय?” त्यांनी रशियाचं उदाहरण दिलं. १५ फेब्रुवारी २०१३ ला तिथं चेल्याबिन्स्कवर आकाशात उल्का फुटली. सगळ्या जगानं ती पाहिली, कारण तिथल्या गाड्यांच्या काचेला कॅमेरे होते. “आपल्या लोणारला पडली तेव्हा असा एक कॅमेरा असता, तर पुढचा सगळा वाद मिटला असता. इंग्रज अधिकारी अलेक्झांडरनं १८२३ ला नोंद केली खरी, पण तोवर प्रत्यक्षदर्शी कोण उरलं? मग बसले भांडत, ज्वालामुखी का उल्का, ज्वालामुखी का उल्का.” हिमायतनगर ते किनवट रस्त्यावर उल्का पडण्याची शक्यता किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निवडीचं काम सुरू झालं. काकांनी दोनशे पानी वही घातली. पहिला मुद्दा उन्हाचा. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. बंद गाडीच्या काचेमागं तो साठ-सत्तरच्या घरात जातो. काकांनी ते ऐकून विश्वास ठेवला नाही. डॅशबोर्डवर थर्मामीटर ठेवून भर दुपारी दर तासाला आकडा लिहिला, जसा फीडरचा लिहीत. एका तासाला नोंद राहिली, तिथं ‘ऑपरेटर जेवणास’ असा शेरा आहे. निष्कर्ष असा निघाला, की ज्या कॅमेऱ्याच्या पोटात लिथियमचा छोटा सेल असतो तो एवढ्या उष्णतेत फुगतो. सुपरकपॅसिटरवाला घ्यायचा. त्यात वीज साठते जेमतेम चालू फाईल बंद करून ठेवण्याइतकी, पण तो ऊन सोसतो.

दुसरा मुद्दा चित्राचा. साध्या फुल एचडीत समोरच्या गाडीचा नंबर दिवसा दिसतो, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात फाकतो. फोर-के घ्यावा तर कार्ड लवकर भरतं. काकांनी मधला टू-के पकडला. तो सेकंदाला २० मेगाबिटच्या आसपास लिहितो, म्हणजे तासाला ९ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात १४ तास मावतात. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी फाईल पुसून तिच्यावर नवी लिहितो. हे ऐकून काका अस्वस्थ झाले. आयुष्यात त्यांनी एक नोंद खोडली नव्हती. मग त्यांना कळलं की कॅमेऱ्यावर कुलपाचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की त्या घडीची फाईल वेगळ्या कप्प्यात जाते आणि पुसली जात नाही. काकांना हे बटण इतकं आवडलं की कॅमेरा आल्यावर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला ते दाबून दाखवलं. काकूंना तर दोनदा. आमच्या दुधवाल्याची सायकल वळणावरून येतानाची तीन मिनिटं त्या कप्प्यात अजून सुरक्षित आहेत.

कॅमेरा घेणं सोपं म्हणायला हवं. खरी गंमत त्याला वीज देण्यात होती, आणि वीज म्हटलं की काका चाळीस वर्षांनी तरुण होतात.

सिगारेट लायटरच्या सॉकेटात पिन खुपसली की कॅमेरा चालतो, जग तेवढंच करतं. पण किल्ली काढली की बऱ्याच गाड्यांत ते सॉकेट बंद होतं. म्हणजे गाडी उभी असताना कोणी खरचटून गेलं तर नोंद नाही. त्यासाठी वेगळी किट येते, तीन वायरींची. लाल वायर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या लाईनला, पिवळी कायम चालू असणाऱ्या लाईनला, काळी बॉडीला. लाल वायरवरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे का उभी, आणि उभी असली की तो पिवळीवर पहारा देतो.

काका गाडी घेऊन भोकर रस्त्याच्या गॅरेजवर गेले. मिस्तरीनं बल्बाला दोन वायरी जोडलेला आपला टेस्ट लॅम्प काढला, कुठंतरी टोचला, बल्ब लागला. “हितून देऊ का, काका?”

“ही लाईन कशाची?”

“लाईट लागूलालाय नं. मग झालं की.”

काकांनी मिस्तरीला फ्यूज टॅप दाखवला, जो त्यांनी नांदेडहून आणला होता. वायर सोलून पिळून टेप मारायला मनाई केली. वायपरचा फ्यूज कुठला, हॉर्नचा कुठला, ब्रेक लाईटचा कुठला, याचा तक्ता काढून दिला आणि ब्रेक लाईटला हात लावायचा नाही अशी लेखी सूचना दिली. मिस्तरीनं ती सूचना चहाच्या ग्लासाखाली ठेवली. दुपारपर्यंत काम काकांनीच केलं. मिस्तरी पाना धरून उभा होता.

आता खरा पेच. पिवळी वायर द्यायची कुठल्या बॅटरीला? इंजिनाच्या की दिवाणाखालच्या?

आधी इंजिनाच्याला दिली. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असली की निवांत स्थितीत १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे संपलीच. किटवर एक बारकं बटण असतं, कितीला कॅमेरा बंद करायचा ते ठरवायला. १२.४ ठेवलं तर गाडी सकाळी सेल्फवर उठते, पण कॅमेरा रात्री दीडलाच झोपतो. ११.८ ठेवलं तर कॅमेरा रात्रभर जागतो, पण सकाळी सेल्फ नुसता कटकट करतो. म्हणजे गाडी पाहिजे का पुरावा, एवढाच प्रश्न. दुसऱ्या कोणालाही याचं उत्तर द्यायला क्षणही लागला नसता. काकांना एक आठवडा लागला, आणि त्यांनी ११.८ निवडलं.

पहिली सहल सहस्रकुंडाची. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून पडते, पलीकडच्या काठाला यवतमाळ जिल्हा लागतो. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी जोरात. रात्री धबधब्याचा आवाज ऐकत दोघं गाडीत झोपले. काकूंना फार बरं वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. सकाळी गाडी उठेना. फिरायला आलेल्या इस्लापूरच्या पोरांनी धक्का दिला. काकांनी ती फाईल मला दाखवली आहे. रात्रभराचं चित्रण स्वच्छ आहे: एक कुत्रं, मग तेच कुत्रं परत, मग पहाट. आणि शेवटी किल्ली फिरल्यावर रस्ता हळूहळू पुढं यायला लागतो. ढकलणारी आठ पोरं मागं असल्यामुळं त्यांची कुठंही नोंद नाही. कागदोपत्री ती गाडी आपोआप चालली.

यानंतर पिवळी वायर दिवाणाखालच्या बॅटरीला गेली. कॅमेरा बारा व्होल्टवर साधारण ०.३ अँपिअर खातो, चोवीस तासांत ७.२ अँपिअर-अवर. १०० ची बॅटरी, थोडी शिल्लक ठेवली तरी बारा दिवस, आणि वर सोलर. हिशोब जुळला. पण त्यातही काकांनी आठवडा घातलाच. लिथियमची ही बॅटरी पाऊण भरलेली असो की निम्मी, व्होल्टेज तेराच्या आसपास धरून बसते. १२.४ दाखवायला लागते तेव्हा जवळजवळ रिकामी झालेली असते. शिशाच्या बॅटरीचे आकडे तिला लावून उपयोग नाही. “तोंडावरून काही कळूच देत नाही,” काका म्हणाले, आणि का कोण जाणे, काकूंकडं पाहिलं. शिवाय लाल वायर एका बॅटरीकडून आणि पिवळी दुसरीकडून, म्हणजे दोघींची बॉडी एकमेकींना जोडलेली पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याला काही उमगत नाही. तेही केलं. दिवाणावर ‘खाली जिवंत वायर’ अशी लाल पाटी लागली. काकूंनी पाटीवर चादर घातली.

मग कायद्याचा अभ्यास. कोर्टात बसणारे एक वकील आमच्या चहाच्या हॉटेलात येतात. त्यांनी काकांना जालन्याचा खटला सांगितला. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओत ते दिसतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० ला निकाल आला की कॅमेऱ्यातल्या चित्रणाची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागणारच. मात्र मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर फाईलचा हॅशही लिहावा लागतो. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी हॅश बदलतो.

काकांनी चहा थंड होऊ दिला. आपल्या मराठवाड्यातल्या दोन माणसांनी देशाच्या पुराव्याचा कायदा पक्का करून घेतला, याचं त्यांना भरून आलं. “मूळ यंत्र,” ते दोनदा म्हणाले.

आणि मग दत्तजयंतीला माहूर. जाताना सगळं ठीक. रेणुकादेवी झाली, दत्तशिखर झालं, अनसूयामातेलाही जाऊन आले. परतताना किनवट ओलांडल्यावर एका हॉटेलासमोर काकांनी गाडी थांबवली आणि चहाला उतरले. पंख्यासाठी किल्ली चालूच होती. काकू आत बसून भोकरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. तेवढ्यात कापसानं फुगलेली एक ट्रॉली मागून आली आणि गाडीचा उजवा आरसा आणि इंडिकेटर घेऊन पुढं गेली.

काका ग्लास टाकून धावले नाहीत. शांतपणे आले, कुलपाचं बटण दाबलं आणि घड्याळात वेळ पाहिली. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्या हद्दीत ट्रिप झालं होतं.

घरी आल्यावर मोबाईलवर ती फाईल त्यांनी सगळ्यांना दाखवली. आवाज बंद करून. आवाज हा ऐकीव पुरावा, असं त्यांचं मत. चित्र अप्रतिम होतं. ट्रॉलीच्या पाठीवरची अक्षरं घराच्या नावाच्या पाटीसारखी स्वच्छ दिसत होती: ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. नंबर नव्हता. नंबराच्या जागी चिखल होता.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन काका ठाण्यात गेले. कुठल्या, ते सोडा. जमादार भला माणूस होता.

“गाडीचा नंबर सांगा.”

“नंबर नाही. आशीर्वाद आहे.”

जमादारानं पेन खाली ठेवलं. “काका, आशीर्वाद निम्म्या जिल्ह्याला आहे. व्हिडिओ व्हॉट्सॲपला टाका, बघतो.”

“व्हॉट्सॲपला टाकला की तो फाईल दाबून लहान करतो. हॅश बदलतो.”

“कोण बदलतो?”

काकांनी समजावून सांगितलं. जमादारानं ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. मग काकांनी लाखेनं मोहोर केलेलं पाकीट काढलं, त्यात मेमरी कार्डाची नक्कल होती. ठाण्याच्या कॉम्प्युटरला कार्ड घालायची खाच नव्हती. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते याचीच वाट पाहत होते.

“मग मूळ यंत्र हजर करतो. जालन्याच्या निकालाप्रमाणे.”

मूळ यंत्र काचेला चिकटलेलं, त्याची वीज दिवाणाखालून. म्हणजे मूळ यंत्र हजर करायचं तर ट्रॅव्हलरच हजर करावी लागणार. काकांनी ती अंगणात आणून कडुनिंबाखाली लावली. आत काकू बसलेल्याच होत्या. बाजारात जायचं म्हणून आल्या होत्या बिचाऱ्या. जमादार, दोन शिपाई आणि तक्रार द्यायला आलेला एक म्हातारा, असे सगळे पुढच्या दारातून डोकावून त्या तीन इंची पडद्याकडं पाहायला लागले. मोबाईलवर आवाज बंद होता. कॅमेऱ्याचा चालू होता.

पडद्यावर रिकामा रस्ता. आणि काकूंचा आवाज, ठणठणीत:

“...अगं थांब माय, आपल्या व्याह्याचं ट्रॅक्टर येऊलालंय मागून. आरशात दिसूलालंय. पोरगाच चालवूलालाय वाटतं. बाई गं! आरसा घेऊन गेला की! ...नाही नाही, ह्यांना नाही सांगत. सांगितलं की पंचनामा करत बसतील आन् लेकीला तिकडं ऐकून घ्यावं लागंल. आधीच तो व्याही कसा, तुला माहीतच हाय. लग्नात अर्धा किलो चांदीवरून...”

पुढं व्याह्यांविषयी दीड मिनिट होतं आणि काकांविषयी एक मिनिट. काकांविषयीच्या भागात ‘लॉगबुक’ हा शब्द चारदा आला. म्हातारा तक्रारदार आपली तक्रार विसरून ऐकत होता.

फाईल संपली. जमादारानं खूप प्रयत्न करून चेहरा सरळ ठेवला. “काका, ओळख तर पटली. लिहून घेऊ का? मात्र सगळंच जोडावं लागंल. मधलं कापता येणार नाही, तुम्हीच मनलात, हॅश बदलतो.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नोंद करायला नकार दिला. “किरकोळ आहे,” ते म्हणाले. आरसा आणि इंडिकेटर भोकर रस्त्याच्या मिस्तरीनं बसवून दिला आणि वायर पिळून टेप मारली. काका तोंड फिरवून उभे होते.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा काका ट्रॅव्हलरमध्ये बसून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये माईक बंद करायची खूण शोधत होते. काकू खालून म्हणाल्या, “राहू द्या की चालू.”

“कशाला? रस्ता दिसला म्हणजे झालं.”

“माहूरचा घाट उतरताना तुम्ही मनलाव, माघ लागला की गिरनारला नेतो. चांगलं दोनदा मनलाव.”

“मी? घाटात? त्याला आता किती दिवस झाले. कार्डात चौदा तासच राहतं. पुसलं असंल ते केव्हाच.”

“कसं पुसंल?” काकू म्हणाल्या. “तव्हाच कुलपाचं बटण दाबलंय मी.”